‘पक्षपात’ शब्दामागचं तोंड: प्रोसोपोलेम्प्सिया कसा वाचावा, कसा शिकवावा

बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढला, की अभ्यासगट ‘पक्षपात वाईट’ असं म्हणून दोन मिनिटांत पुढे सरकतो. शब्द ओळखीचा आहे, म्हणून तो कुणाला अडवत नाही. मूळ ग्रीक शब्द अडवतो. तासाभराची बैठक असेल, तर त्यातली निम्मी वेळ या एका शब्दाला द्या.

आधी तो फोडा. प्रोसोपोन म्हणजे तोंड, चेहरा. लांबानो म्हणजे घेणं. दोन्ही मिळून प्रोसोपोलेम्प्सिया, ‘तोंड घेणं’. आपला ‘पक्षपात’ म्हणजे एका पक्षाकडे पडणं. त्यात कलतं पारडं आहे, तोंड कुठेच नाही. नव्या करारातल्याच 1 तीमथ्य या पत्रात, 5:21 मध्ये, प्रेषित पौल प्रोस्क्लिसिस, म्हणजे ‘झुकणं’, असा वेगळा शब्द वापरतो. ‘पक्षपात’ खरा चपखल बसतो तो तिथे. याकोबासाठी ‘तोंड पाहून वागणं’ म्हणा. मात्र ‘तोंडदेखलेपणा’ म्हणू नका. तोंडदेखला माणूस समोर गोड बोलतो आणि मनात वेगळं ठेवतो. याकोबाने 2:2-3 मध्ये रंगवलेला, उपासनेत श्रीमंताला चांगली जागा देणारा माणूस ढोंगी नाही. त्याला श्रीमंत पाहुण्याचं मनापासून अप्रूप आहे, आणि दुखणं तेच आहे.

शब्दकोशात शोधताना एक अडचण येते. जुन्या हस्तलिखितांत शब्दात ‘म्’ आहे, नंतरच्या प्रतींत तो गळून ‘प्रोसोपोलेप्सिया’ होतो. एका रूपात नाही सापडला तर दुसऱ्या रूपात पाहा.

नव्या करारात हे शब्दकुटुंब सात वेळा येतं. नाम चारदा: रोमकरांस 2:11, इफिसकरांस 6:9, कलस्सैकरांस 3:25 आणि याकोब 2:1. असं वागणाऱ्या माणसासाठीचा शब्द प्रेषितांची कृत्ये 10:34 मध्ये, क्रियापद याकोब 2:9 मध्ये, आणि ‘तोंड न पाहता’ हे क्रियाविशेषण 1 पेत्र 1:17 मध्ये. सातही जागा एका कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येकीपुढे ‘कोण, कुणाचं तोंड’ हे भरा. सातांपैकी पाच ठिकाणी विषय देव आहे: तो तोंड पाहत नाही. माणसांना थेट दटावणारा एकटा याकोब, आणि तिथे नाम अनेकवचनी आहे. म्हणजे एखादा प्रसंग नव्हे, पडलेली सवय.

मग मागे, जुन्या कराराच्या हिब्रू भाषेकडे जा. ग्रीक शब्द ‘नासा पानीम’, म्हणजे ‘तोंड वर उचलणं’, या हिब्रू वाक्प्रचारावरून घडला आहे. विनंती करणारा खाली मान घालून उभा आहे आणि वरचा माणूस त्याचं तोंड वर करतो, म्हणजेच त्याच्यावर मेहेरनजर करतो, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. उत्पत्ति 19:21 मध्ये लोटाची विनंती मान्य होते ती याच शब्दांत, आणि तिथे त्यात काहीच वाईट नाही. ग्रीक नाटकात प्रोसोपोन म्हणजे मुखवटाही होतो, आणि प्रवचनकारांना तो धागा फार आवडतो. इथे तो सोडून द्या, या शब्दाचं मूळ रंगभूमीत नाही.

सगळ्यात कसदार जागा लेवीय 19:15. न्याय करताना गरिबाचं तोंड उचलू नको आणि थोराच्या तोंडाचा मान राखू नको. दोन्ही! ‘गरिबाची बाजू घेतली की झालं’ म्हणणाऱ्याला हे वचन थांबवतं. त्याच अध्यायात 32व्या ओवीत वृद्धाच्या तोंडाचा मान राख, असं सांगितलंय, आणि तेच हिब्रू क्रियापद वापरून. तेव्हा बेस्टच्या बसमध्ये आजोबांना जागा देणं हा दोष नव्हे. 15व्या ओवीच्या सुरुवातीलाच ‘न्यायात’ असा शब्द आहे, मेख तिथे आहे. याकोबही 2:4 मध्ये ‘न्यायाधीश’ हाच शब्द आणतो.

आता याकोब 2:2-3 मुंबईत आणून वाचा. रविवारची उपासना, मे महिना, हॉल भरलेला. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी (ग्रीकमध्ये ‘सोनबोट्या’ असा एकच शब्द आहे, नव्या करारात फक्त इथे), दुसरा घामेजल्या, मळक्या शर्टात थेट कामाच्या पाळीवरून आलेला. पहिल्याला पंख्याखालची पुढची खुर्ची, दुसऱ्याला ‘चपलांपाशी उभा राहा, नाहीतर माझ्या पायांशी बस’. गटाला विचारा: दोघांपैकी कुणी तोंड तरी उघडलं का? नाही. आधी नजर वळते (2:3 मधलं क्रियापदच ‘बघणं’ आहे), निकाल लागतो आणि मग खुर्ची हलते. हा क्रम फळ्यावर लिहा.

कलस्सैकरांस 3:25 शेवटी घ्या. अन्याय करणाऱ्याला त्याचं फळ मिळेल, तोंड पाहिलं जाणार नाही, हे वचन दासांना केलेला उपदेश आणि धन्यांना केलेला उपदेश यांच्या मधोमध आहे. अन्याय करणारा दास की धनी, दोन्ही अर्थ लागतात. इफिसकरांस 6:9 मध्ये मात्र बोलणं सरळ धन्यांशी आहे. गटात घरकाम करणारी आणि घरकामाला बाई ठेवणारी, दोघी असतील, तर 3:25 वर पहिल्यांदा बोलायला घरकाम करणारीला सांगा.