लॉगिन होत नाही? आधी पासवर्डला हात लावणं थांबवा

रविवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला की मी समजून जाते: कुणीतरी शनिवारी रात्री साइटवरचे सगळे प्लगइन (साइटला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) एका दमात अपडेट केलेत. "ताई, पासवर्ड चालत नाहीये." अहो, पासवर्डला काय धाड भरलीय? तो कालचाच आहे. बदललाय तो प्लगइन.

ठाण्याच्या नौपाड्यात बसून वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या साइट सांभाळायला लागल्यापासून याच चुका बघतेय. साइट कधी क्लासची असते, कधी डेंटिस्टची, कधी सोसायटीची. चुका मात्र त्याच.

'पासवर्ड विसरलात?' दहा वेळा दाबणं

मेल यायला दोन मिनिटं लागली की लोक पुन्हा दाबतात, मग पुन्हा. दर वेळी नवी लिंक तयार होते आणि आधीची बाद होते. मग पाच मेल एकदम येऊन पडतात, आपण सगळ्यात आधी आलेला उघडतो आणि "लिंक चालत नाही" म्हणून मला फोन करतो. एकदा दाबा, चहा टाका. आणि मुळात पासवर्ड चुकल्याचा मेसेज स्क्रीनवर नसेल तर हे बटण तुमच्या कामाचंच नाही.

स्क्रीनवर काय लिहिलंय ते न वाचणं

माझा सगळ्यात जास्त जीव यानेच खाल्लाय. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीची साइट माझ्याकडे आहे, सव्वादोनशे फ्लॅट. मेंटेनन्सची पावती आणि सभेची नोटीस लॉगिन केल्यावरच दिसते. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची, नोटीस चढवलेली, आणि सेक्रेटरी काकांचा फोन: "कुणालाच आत जाता येत नाही. हॅक झालंय!"

मी टीएमटीच्या बसमध्ये, कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली. फोनवरच होस्टिंगचा (साइट जिथे ठेवलीय त्या सर्व्हरचा) फाइल मॅनेजर उघडला, लॉगिनचे प्रयत्न मोजणाऱ्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं, लोक आत गेले. घरी येऊन नाव पूर्ववत केलं, प्लगइन पुन्हा चालू केला. संध्याकाळी सातला सगळे परत बाहेर! तोवर कमिटीतल्या कुणीतरी उत्साहाने चाळीस जणांचे पासवर्ड बदलून ठेवले होते. ते निस्तरायला वेगळे दोन दिवस गेले.

मेसेज साधा होता: फार वेळा चुकलात, २० मिनिटांनी या. तो कुणीच वाचला नव्हता, आणि खरं सांगायचं तर बसमध्ये मीही नाही. शेवटी प्लगइनमधली लॉकआउटची, म्हणजे बाहेर अडवलेल्यांची, यादी उघडली, तर माणसं वेगवेगळी आणि आयपी पत्ता (इंटरनेटवरचा पत्ता) सगळ्यांचा एकच. महिनाभर आधी साइट जलद व्हावी म्हणून मीच ती एका सीडीएनच्या, म्हणजे मधे बसून पानं पटकन पोचवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्याच्या, मागे ठेवली होती. त्यामुळे प्लगइनला दारावर माणूस दिसतच नव्हता, दिसत होता फक्त सीडीएनचा सर्व्हर. एका आजोबांनी कॅप्स लॉक चालू ठेवून चार वेळा पासवर्ड टाकला की अख्खी सोसायटी दाराबाहेर. आणि असे चार लॉकआउट झाले की २० मिनिटांचे २४ तास.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. पाहुण्याचा खरा पत्ता सीडीएन एका हेडरमध्ये, म्हणजे सोबतच्या चिठ्ठीत, पाठवतं, तो वाचायला प्लगइनला सांगायचं. मात्र तो हेडर फक्त सीडीएनच्या पत्त्यांवरून आला तरच मानायचा. नाहीतर कुणीही खोटा पत्ता लिहून पाठवेल आणि लॉकआउटला काही अर्थच राहणार नाही. हा दुसरा अर्धा भाग घाईतली मंडळी हमखास गाळतात.

अख्खा प्लगइन्स फोल्डर बंद पाडणं

व्हिडिओत बघून आलेल्यांचा हा लाडका इलाज. फोल्डरचं नाव बदला, लॉगिन होतं, वा! इथवर ठीक. पण मग हे लोक कुतूहलाने डॅशबोर्डातलं प्लगइनचं पान उघडतात. तिथे वर्डप्रेसला फायली सापडत नाहीत, म्हणून ते सगळे प्लगइन निष्क्रिय करून टाकतं. नाव परत पूर्वीसारखं केलं तरी ते आपोआप चालू होत नाहीत. दुकानाची साइट असेल तर भर दुपारी दुकानच गायब.

मी एकेका संशयितालाच धरते. फाइल मॅनेजरमध्ये फोल्डरसमोर बदलाची तारीख दिसते. शेवटचा कोण बदलला ते बघायचं, त्याच्या नावापुढे 'बंद' जोडायचं आणि लॉगिन करून बघायचं. तेही इनकॉग्निटो खिडकीत, नाहीतर ब्राउझरमधल्या जुन्या कुकीज उगाच दिशाभूल करतात. एवढं करूनही अडलं, तर एमयू-प्लगइन्स हा आपोआप चालणाऱ्या प्लगइनचा फोल्डर वेगळा असतो हे आठवा, मुख्य फोल्डरच्या नावाशी त्याला देणंघेणं नाही. कॅश प्लगइन (साइट जलद व्हावी म्हणून पानांच्या प्रती साठवणारे) आपली एखादी फाइल डब्ल्यूपी-कंटेंट या वर्डप्रेसच्या फोल्डरमध्ये ठेवून जातात, तीही तपासा.

फोल्डर डिलीट मात्र करू नका. नाव बदललं तर मागे फिरता येतं.

बाकीच्या, थोडक्यात

लॉगिनच्या पत्त्यावर ४०४ (पान सापडत नाही) दिसतोय? लॉगिनचं पान लपवणारा प्लगइन कुणी टाकला होता आणि नवा पत्ता कुठे लिहिला होता ते आधी विचारा. मी प्रत्येक साइटचा पत्ता वहीत लिहिते, हसा खुशाल.

पान नुसतं फिरत राहतं, रीडायरेक्ट संपतच नाहीत: एसएसएलचा (साइट https वर नेणारा) प्लगइन आणि सीडीएन यांची एकमेकांत ढकलाढकली चालू असते. प्लगइन बंद करून वर्डप्रेसमधल्या दोन्ही नोंदींत साइटचा पत्ता एकच आहे का बघा, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट.

'क्रिटिकल एरर' दिसला तर ॲडमिनचा मेल बघा. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतःच कुठला प्लगइन कोसळला ते कळवतं आणि रिकव्हरी मोडची (कोसळलेला प्लगइन बाजूला ठेवून आत जायची) लिंक देतं. ती एक दिवसच चालते. मेल आलाच नाही, तर ॲडमिन म्हणून अजून नोकरी सोडून गेलेल्या मुलाचाच पत्ता आहे का ते तपासा. बहुतेक असतोच.

डीबग, म्हणजे चुका नोंदवायची सोय, चालू करा, पण चुका लॉग फाइलमध्ये जाऊ द्या. गिऱ्हाइकाला दाखवायच्या नसतात त्या.

दोन टप्प्यांच्या लॉगिनचा कोड सारखा चुकीचा ठरतोय? प्लगइनला शिव्या घालण्याआधी फोनचं घड्याळ बघा. कोड वेळेवरून बनतो आणि दर ३० सेकंदांनी बदलतो. एका काकूंचा कोड आठवडाभर चालेना. ८:०७ ची फास्ट लोकल चुकू नये म्हणून त्यांनी फोन पाच मिनिटं पुढे लावून ठेवला होता.