हवा कशामुळे बिघडली, हे कसे ओळखावे

हवा बिघडली की सारा दोष वाहनांना देणे किंवा नुसती धूळ आहे असे म्हणून विषय सोडून देणे, या दोन्ही सवयी घातक आहेत, कारण उपाय कोणता करायचा हे कारणावरूनच ठरते. म्हणून हवा गुणवत्ता निर्देशांकाच्या एका आकड्यावर न थांबता त्यामागील प्रत्येक प्रदूषकाची स्वतंत्र नोंद पाहावी.

आरंभ कणांपासून करावा. पीएम १० म्हणजे हवेतील १० मायक्रोमीटर (मिलिमीटरचा शंभरावा भाग) किंवा त्याहून लहान व्यासाचे कण आणि पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण; म्हणजे पीएम १० मध्ये पीएम २.५ चे कण धरलेलेच असतात. त्यांत या बारीक कणांचा वाटा निम्म्याहून बराच अधिक असेल, तर कोळसा, डिझेल, लाकूड, पालापाचोळा असे काहीतरी जळत असल्याची शक्यता मोठी असते; वाटा कमी असून एकूण आकडा मोठा असेल, तर ती बहुधा उडालेली धूळ असते. मात्र धूळ म्हणजे निसर्गाचेच काम, असे मानू नये. सिंचनासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी वळवल्यामुळे १९६०नंतर मध्य आशियातील अरल समुद्र आटत गेला आणि त्याच्या उघड्या पडलेल्या तळावरून आजही खारट धुळीची वादळे उठतात. वारा नैसर्गिक असला, तरी कारण मानवी आहे. वणव्यालाही हीच कसोटी लावावी, कारण तो विजेने पेटतो तसा माणसाच्या हातूनही पेटतो.

त्यानंतर वायूंकडे वळावे. नायट्रोजन डायऑक्साइड सकाळ-संध्याकाळच्या वर्दळीच्या वेळी चढत असेल, तर रोख वाहनांकडे जातो. सल्फर डायऑक्साइड मुख्यतः कोळसा व खनिज तेल जाळल्याने येतो; पण ज्वालामुखीही तो ओकतो, आणि १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनातुबो ज्वालामुखीच्या उद्रेकातून सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणात गेला. जमिनीलगतचा ओझोन दुपारी वाढतो. तो थेट कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही, तर नायट्रोजनची ऑक्साइडे आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे (सहज वाफ होणारी कार्बनयुक्त संयुगे) यांच्यावर उन्हाची क्रिया होऊन तयार होतो; या संयुगांपैकी आयसोप्रीन झाडेच सोडतात, त्यामुळे येथे निसर्ग आणि माणूस यांची वाटणी करणे खरोखरच अवघड आहे.

शेवटी हवामान तपासावे. थंडीत जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते आणि धूर तेथेच साचतो. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनमध्ये कोळशाचा धूर असाच कोंडून हजारो माणसे दगावली. त्यामुळे हिवाळ्यात आकडा वाढला म्हणून उत्सर्जन वाढले, असा निष्कर्ष लगेच काढू नये. किमान आठवडाभराच्या ताशी नोंदी वाऱ्याच्या दिशेसह शेजारी मांडून मगच कारण ठरवावे.