गोष्टीला तात्पर्य नको: वर्गात मनातलं बोलणं कसं सुरू करावं

अकरावीच्या वर्गाला मी एकदा विचारलं होतं, "तुमच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड प्रसंग सांगा." निम्मा वर्ग खाली बघत बसला. दोघं उठले, वक्तृत्व स्पर्धेच्या सुरात बोलले आणि 'यातून मला हे शिकायला मिळालं' असं म्हणून बसले. टाळ्या झाल्या आणि बोलणं तिथंच संपलं. चूक मुलांची नव्हती, माझा प्रश्नच चुकला होता. 'सगळ्यात' हा शब्द ऐकला की मूल आपला प्रसंग तोलून बघतं, आणि बहुतेकांना तो सांगण्याइतका मोठा वाटतच नाही.

कोल्हापुरात १९०१ मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, पुढं एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातल्या पोरांनी इथं येऊन शिकायचं ही इथली जुनी रीत. आजही राधानगरीहून एसटीच्या पासवर येणारी मुलगी आणि शहरातल्या राजारामपुरीतला मुलगा एकाच वर्गात दोन वर्षं काढतात. पण एकमेकांच्या घरचं त्यांना काहीच ठाऊक नसतं. याची मला मनापासून खंत वाटते.

सुरुवात आपण स्वतःपासून करावी. दोन मिनिटांची, लहानशी गोष्ट सांगावी. मी सांगते ती अशी: शिकायला कोल्हापुरात राहायचे तेव्हा गारगोटीहून एसटीनं घरचा डबा यायचा. त्यात नाचणीची भाकरी असायची आणि मैत्रिणींसमोर तो उघडायची मला लाज वाटायची. एक दिवस मी स्टँडवर गेलेच नाही. संध्याकाळी डबा तसाच परत गेला. आईनं त्याबद्दल कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही. इथं मी थांबते. 'म्हणून मुलांनो' हे शब्द ओठावर येतात, ते गिळावे लागतात. आणखी एक. जी आठवण सांगताना अजून आवाज कापतो, ती वर्गात काढू नये. आपल्याला सावरायचं ओझं मुलांवर पडता कामा नये.

मग बाक फिरवून चौघा-चौघांचे गट करा. भावना मागू नका, वस्तू मागा. 'मोडली तरी घरात कुणी टाकू देत नाही अशी वस्तू' हा माझा आवडता विषय. प्रत्येकाला तीन मिनिटं. बोलायचं नसेल त्यानं 'पुढं' म्हणावं, त्याचं कारण कुणी विचारायचं नाही.

ऐकणाऱ्याचं काम जास्त अवघड आहे, म्हणून ते आधी शिकवा. गोष्ट संपली की मनात पाच आकडे मोजायचे. 'आमच्याकडं पण असंच झालं' म्हणायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. मग गोष्टीतल्याच एखाद्या शब्दाला धरून एकच प्रश्न विचारायचा.

एका गटात एका मुलीनं वस्तूऐवजी भिंत सांगितली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं होतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट ही धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हे आकडे वर्गाला पाठ होते. पण तिच्या आजीनं दिवाळीला भिंतीला रंग देताना पाण्याची रेघ तेवढी राखून ठेवली, हे कुणालाच माहीत नव्हतं. एकीनं विचारलं, "ती रेघ तुझ्या कुठंपर्यंत येते?" ती म्हणाली, "तेव्हा डोक्याच्या वर होती. आता खांद्याला लागते." थोड्या वेळानं शहरातला एक मुलगा हळूच म्हणाला, "आम्ही तेव्हा पूर बघायला गेलेलो. फोटो काढायला." त्या दिवशीचं खरं बोलणं तिथून सुरू झालं. बघायला येणाऱ्यांचा राग येतो का, आजीला रेघ कशाला हवी, असं तासभर चाललं. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही.

घाई मात्र करू नका. मानसशास्त्रज्ञ आर्थर अरॉन यांच्या गटानं १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात अनोळखी जोड्या ४५ मिनिटं एकमेकांना साध्याकडून खोलाकडं जाणारे प्रश्न विचारत होत्या, आणि नुसत्या वरवरच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा त्यांना जवळीक जास्त वाटली. दोघांनीही आळीपाळीनं बोलायचं होतं. एकटाच उघडा पडला तर तो पुन्हा बोलत नाही.

'इथलं इथंच राहील' हा नियम मुलांसाठी ठेवा, पण स्वतः गुप्ततेचा शब्द देऊ नका. मार, छळ असं काही कानावर आलं तर १०९८ ही चाइल्डलाइन आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. हे मुलांना पहिल्याच दिवशी सरळ सांगा.

पुढच्या आठवड्यात नवा विषय काढू नका. "गेल्या वेळी कुणाला काय विचारायचं राहिलं?" एवढंच म्हणा आणि खुर्ची थोडी मागं घ्या.