घरच्या हिरवळीच्या सिंचनातील व्हॉल्व्ह कसा बदलावा

मुंबईत बंगल्याच्या किंवा रो-हाउसच्या अंगणातील हिरवळीला टायमरवर पाणी देणाऱ्या यंत्रणेत अनेकदा दगा देतो तो सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर पाणी सोडणारी आणि थांबवणारी झडप. तो बिघडल्याचे दिसताच पाइप कापू नये, कारण बरेचदा दोष व्हॉल्व्हच्या बाहेर असतो किंवा एखादा सुटा भाग बदलून काम भागते.

पाणी थांबतच नसेल, तर आधी व्हॉल्व्हवरील हवा सोडण्याचा स्क्रू नीट आवळलेला आहे का, हे पाहावे. नंतर पाणी बंद करून झाकणाचे स्क्रू काढावेत आणि आतील रबरी पडदा तपासावा. त्याखाली वाळूचा कण अडकला, तरी व्हॉल्व्ह मिटत नाही. गच्चीवरच्या टाकीतून नुसत्या उताराने पाणी येत असेल, तर दाबाचाही विचार करावा. 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब मिळतो, आणि एकमजली घराच्या टाकीचा दाब अनेक व्हॉल्व्हना मिटण्यासाठी अपुरा पडतो. अशा ठिकाणी कमी दाबावर चालणाराच व्हॉल्व्ह घ्यावा, नाहीतर नवाही तसाच वाहत राहील.

उलट पाणी सुरूच होत नसेल, तर व्हॉल्व्हवरील कॉइलच्या, म्हणजे तो उघडणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या, वायरी सोडवून मल्टिमीटरने रोध मोजावा. 24 व्होल्टच्या चांगल्या कॉइलचा रोध साधारणपणे 20 ते 60 ओहम असतो. परिपथ तुटलेला दिसला, तर त्याच मॉडेलची कॉइल बदलणे पुरेसे ठरते.

व्हॉल्व्हचे अंगच तडकले असेल, तेव्हा मात्र तो पूर्ण बदलावा लागतो. हे काम उघडीप असताना करावे. पावसाळ्यात चेंबर, म्हणजे व्हॉल्व्ह ठेवलेली जमिनीतील पेटी, पाण्याने भरते आणि ओल्या पाइपवर सोल्युशन (पाइप जोडण्याचा गोंद) नीट धरत नाही. नवा व्हॉल्व्ह जुन्याच मापाचा आणि टायमरला जुळणाऱ्या व्होल्टेजचा घ्यावा; बॅटरीवरील टायमरची कॉइल वेगळ्या प्रकारची असते.

प्रथम टायमरचा प्लग काढावा, मुख्य कॉक बंद करावा आणि लाइनमधले पाणी सोडून द्यावे. कोणती वायर कॉमनची (सर्व व्हॉल्व्हना सामाईक) आणि कोणती या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या हिरवळीच्या भागाची, हे चिकटपट्टीवर लिहून ठेवावे किंवा फोटो काढावा. भोवतालची माती हाताने मोकळी करून व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना पाइप सरळ कापावा; नव्या जोडणीला पुरेल इतकी लांबी दोन्हीकडे उरली पाहिजे.

आता दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे फिरवून सुटे करता येणारे जोड, बसवावेत, असा माझा आग्रह आहे. खर्च थोडा वाढतो, पण पुढच्या वेळी करवत न लावता व्हॉल्व्ह बाहेर काढता येतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप आवळण्याच्या दिशेने गुंडाळावी, जोड हाताने घट्ट करावा आणि मग पान्याने जेमतेम एक फेरा द्यावा. प्लॅस्टिकचे अंग जास्त जोराने चिरते, आणि ही चीर पाणी सुरू होईपर्यंत दिसत नाही. व्हॉल्व्हवरील बाण प्रवाहाच्या दिशेने असल्याची खात्री करावी. पाइपची टोके घासून, पुसून, कोरडी करून सोल्युशन लावावे आणि डब्यावर सांगितलेला वेळ पूर्ण होईपर्यंत पाणी सोडू नये.

तो वेळ संपल्यावर युनियन सोडून व्हॉल्व्ह बाजूला काढावा व क्षणभर पाणी सोडून पाइपमधला भुसा धुऊन टाकावा. हे टाळले, तर तोच भुसा नव्या पडद्याखाली जाऊन बसतो. व्हॉल्व्ह परत लावून वायरी जोडाव्यात. साध्या 24 व्होल्ट एसी कॉइलला उलटसुलट वायर चालते, पण जोड मात्र ग्रीसभरल्या जलरोधक कनेक्टरमध्येच हवेत, कारण आपल्या दमट हवेत नुसत्या टेपखाली तांबे लवकर हिरवे पडते.

कॉक हळूहळू उघडावा, टायमरवरून तो भाग काही मिनिटे चालवावा आणि बंद केल्यावर फवारे पूर्ण थांबतात का, ते पाहावे. जोड कोरडे राहिल्याची खात्री झाल्यावरच माती लोटावी. चेंबरच्या तळाशी खडी घालून झाकण घट्ट बसवावे, म्हणजे पावसाचे पाणी आत साचून डास होणार नाहीत.