कासव वाचवायला जाताना या चुका टाळा

सागरी कासवांच्या मुळावर काय उठलंय, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं: मासेमारीची जाळी, प्लास्टिक, किनाऱ्यावरचा उजेड, तापत चाललेली वाळू. वाचवायला धावलेल्या हातांकडून होणारं नुकसान मात्र सहसा मोजलंच जात नाही.

अंडी उशिरा हलवणं

घरटं भरतीच्या पाण्यात जाणार असेल, तरच परवानगी असलेल्या माणसाने अंडी हलवावीत. तीही शक्यतो घातल्यापासून पहिल्या दोन तासांत. पुढे गर्भ कवचाच्या आतून वरच्या बाजूला चिकटतो. मग अंडं नुसतं फिरलं, तरी नाजूक पडदा फाटून तो मरतो. उशीर झालाच आणि इलाज नसेल, तर प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा आणि ती बाजू शेवटपर्यंत वरच ठेवा.

नवा खड्डा मूळ घरट्याइतकाच खोल हवा, आकारही तसाच सुरईसारखा: तोंड अरुंद, तळ रुंद. घाईत उथळ खणला की वाळू जास्त तापते. साधारण २९ अंश सेल्सिअसला नर-मादी जवळपास निम्मे-निम्मे होतात. त्याहून दोन-तीन अंश वर गेलं की जवळजवळ सगळ्या माद्याच, आणि आणखी तापलं तर पिल्लं अंड्यातच दगावतात.

पिल्लं पाण्याच्या बादलीत ठेवणं

दिसायला हे मायेचं वाटतं. पण पाणी लागताच पिल्लू पोहायला लागतं आणि खोल समुद्र गाठण्यासाठी असलेली पोटातल्या बलकाची ताकद बादलीतच संपवतं. ओलसर वाळूच्या अंधाऱ्या खोक्यात ठेवा, त्याच रात्री सोडा आणि वाळूवरून स्वतःच चालू द्या. रोज एकाच जागी सोडू नका, मासे तिथेच टपून बसतात. टॉर्च आणि फ्लॅश बंद.

निपचित कासव मेलं समजणं

जाळ्यात गुदमरलेलं कासव निश्चल दिसतं. तसंच समुद्रात टाकलं तर ते बुडतं. अंग ताठरलं किंवा सडू लागलं असेल तरच मेलं म्हणा. नाहीतर पोट खाली, पाठ वर असं ठेवून मागचा भाग किमान १५ सेंटिमीटर उचलून टेकवा म्हणजे फुप्फुसातलं पाणी निथळेल. ४ ते २४ तास तसंच राहू द्या. अधूनमधून कवचाची कड धरून एक बाजू ७-८ सेंटिमीटर उचला, मग दुसरी. डोळ्याला हलकेच स्पर्श करून, शेपूट चिमटून प्रतिसाद पाहा. सावली आणि ओलं फडकं हवं, पाण्याची टाकी अजिबात नको. उलटं करून छाती दाबणं तर नकोच.

सुटकेची वाट बांधून टाकणं

ट्रॉल जाळ्यात, म्हणजे बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात, कासव-सुटका यंत्र बसवतात: गजांची तिरकी चौकट कोळंबीला आत जाऊ देते, कासवाला मात्र अडवून झाकणाच्या वाटेने बाहेर सोडते. हे झाकण कोळंबी निसटेल या भीतीने बांधलं जातं. खरी गडबड बहुधा या चौकटीच्या कोनात असते. तो ३० ते ५५ अंशांत हवा. फार उभी असेल तर कासव आणि कचरा गजांवर अडकतो, फार आडवी असेल तर कोळंबी वाहून जाते. तेव्हा झाकण सोडा, कोन मोजा आणि गजांमधलं अंतर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही ना, तेही बघा.