जुनं रोइंग मशीन, नवं रोइंग मशीन: ५ म्हणजे ५ नव्हे

सोसायटीच्या जिममधलं जुनं रोइंग मशीन (बसून वल्हवल्यासारखा व्यायाम करायचं), कॉन्सेप्ट टू कंपनीचं ‘मॉडेल डी’ (२००३ मध्ये आलेलं), खटका ५ वर लावला तरी भुसभुशीत लागतं. ऑफिसजवळचं नवं कोरं ५ वरच घाम काढतं. मला वाटायचं, माझीच ताकद वारानुसार बदलते! चाकाच्या बाजूचा १ ते १० चा खटका फक्त हवा किती आत घ्यायची ते ठरवतो. चाकाभोवतीच्या जाळीत धूळ बसली की खटक्याचा आकडा तोच, हवा कमी, म्हणून ओढणं हलकं. आमची जिम रस्त्याला लागून, शेजारी बांधकाम. जाळीवर राखाडी लोकरच होती.

दोन्ही मशीन सारखी लावायची तर:

१. मॉनिटरवर ‘मोअर ऑप्शन्स’, मग ‘डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर’ (हवेचा खरा अडथळा किती, ते सांगणारा आकडा).
२. आठ-दहा स्ट्रोक मारा, आकडा स्थिरावू द्या.
३. खटका हलवून दोन्ही मशीनवर तोच आकडा आणा. मी १२० ठेवतो.

खटका १० वर नेऊनही आकडा चढत नसेल तर आतली धूळ व्हॅक्युमने काढायला सांगा.

पाण्याच्या किंवा मॅग्नेटच्या मशीनला मात्र हा हिशेब लावू नका.