गावच्या घरी लहान मूल येणार असेल तर या चुका टाळा

गणपतीला किंवा मे महिन्यात लेकी-सुना मुलांना घेऊन मुंबईहून येतात, तेव्हा कोकणातले घर सारवून, झाडूनपुसून तयार असते. मात्र त्याची मांडणी मोठ्यांच्या सोयीची असते. ‘घरात एवढी माणसे आहेत, कोणाचे तरी लक्ष राहीलच’ हा भरवसा हीच पहिली चूक होय. आरतीच्या गर्दीत मूल दुसऱ्या कोणाकडे तरी असेल, असे प्रत्येकालाच वाटत असते. त्यासाठी एकाच माणसावर नाव घेऊन जबाबदारी सोपवावी.

विहिरीला कठडा आहे म्हणून निर्धास्त राहणे ही दुसरी चूक. जांभ्या चिऱ्यांचा कठडा बुटका असेल, किंवा त्याला लागून धुण्याचा दगड अथवा पालथे घमेले असेल, तर तीन वर्षांचे मूल त्यावर पाय देऊन सहज वर चढते. तेव्हा पायरी होऊ शकणारी प्रत्येक वस्तू तेथून हलवावी आणि विहिरीवर लोखंडी जाळी बसवून तिला कुलूप लावावे. न्हाणीघरातली भरलेली बादलीही तितकीच घातक असते, कारण लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असल्याने वाकताना तोल गेला तर त्याला स्वतःहून बाहेर निघता येत नाही. बुडायला काही इंच पाणी पुरते आणि बहुधा आवाजही होत नाही. आंघोळ उरकताच बादली पालथी घालावी.

रॉकेल, थिनर किंवा फिनेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ठेवण्याची सवय तर आजच मोडावी. मुलाने रॉकेल प्यायलेच, तर मीठपाणी पाजून उलटी करवू नये, कारण उलटी होताना ते फुप्फुसांत शिरते. ती बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे किंवा 108 वर फोन करावा.

सुपारीचे खांड, अख्खे काजूगर आणि शेंगदाणे घशात अडकतात, म्हणून पानाचा डबा आणि खाऊची ताटली उंचावर ठेवावी. कुंपणाच्या पिवळ्या कण्हेरीच्या बिया विषारी असतात. मखराच्या रोषणाईची वायर ओलसर जमिनीवरून नेऊ नये. मीटरपाशी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्यावा.

जमिनीवर निजणाऱ्या मुलाची मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी, कारण मण्यार रात्री फिरते. सर्पदंशावरचे प्रतिविषाचे इंजेक्शन जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळते, याची चौकशी मुले येण्यापूर्वीच करावी आणि दंश झाल्यास दोरी आवळण्यात किंवा जखम कापण्यात वेळ न दवडता मुलाला शक्य तितके स्थिर ठेवून थेट तेथे न्यावे.